वर्तुळ क्रमांक चार

निफाडला आज पारा साडेचारवर.
द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्यात,
धूर जमिनीलगत वाकून चाललाय,
आणि मी गव्हाच्या शेतात
प्लास्टिकच्या वर्तुळात शिरते
जिथे हवा पन्नास वर्षांनंतरची आहे.

तिला वास नाही.
अंबडहून टेम्पोतून येते ती, सिलिंडर भरभरून.
चालकाने पहिल्या दिवशी विचारलं,
"सोड्याचा गॅस ना हा? गव्हाला पाजता?"
हो म्हटलं, आणि वर युरियाही.
"चैन आहे," तो म्हणाला.

चैनच आहे.
चार नंबरचा गहू शेजारच्याहून चार बोटं उंच,
पाहुणे येतात, ओंबी हातात धरून फोटो काढतात,
बूट झटकतात, जातात.

बुटाखालचं बघायचं ते मी आणि कौतिकराव गांगुर्डे.
ते गिरमिट फिरवतात, मी पिशवीवर लिहिते:
वर्तुळ चार, नत्र दुप्पट, पंधरा सेंटीमीटर.
मग ते चिमूटभर माती जिभेवर ठेवतात
(नको म्हणते मी, दरवेळी)
आणि थुंकून सांगतात, "ताई, आंबायला लागली."
दुपारी यंत्रही तेच सांगतं.
पाच हंगामांपूर्वी सात पूर्णांक नऊ,
आता साडेसहा.
यंत्राचं बिल अजून मंजूर व्हायचंय.

रात्री बरण्यांत माती बंद करून ठेवते.
सकाळी मोजते, किती श्वास सोडला.
चार नंबरची माती धापा टाकते.
वर हवा खायला मिळाली म्हणून मुळं उधळी झालीत,
गोड रस सांडतात, हात आखडत नाहीत,
आणि खाली न दिसणाऱ्यांच्या पंगतीवर पंगती.
गोडाने खवळलेली भूक गोडावर थांबत नाही.
ते मग कोठीतलं जुनं काढतात:
कोणे एके काळचं शेणखत,
ज्वारीची धसकटं, कुजून काळी झालेली,
कुणाच्या तरी म्हशीच्या पावसाळ्यातलं गवत.
माझ्या वहीत जमेपेक्षा खर्च थोडाच जास्त आहे.
थोडाच. मी तीनदा बेरीज केली.

साहेब म्हणाले, उत्पादनाचा तक्ता पुढे घ्या,
मातीचा परिशिष्टात.

जेवायला कौतिकराव वर्तुळातच बसतात,
वारा लागत नाही म्हणून.
बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा बुक्कीने फोडलेला.
"आत बसलं की चालतं ना, ताई?
पन्नास वर्षांनी मी काही नसणार,
आजच जेवून घेतो."
व्हॉल्व्ह फुसफुसतो.
गव्हाची पाती त्यांच्या टोपीवर टेकलेली.

मी पिशवीला गाठ मारते.
ढेकूळ बोटांत धरलं की पूर्वी घट्ट राहायचं,
आज भुगा झाला.
थंडीने बोटंच बधिर असतील.
नोंद करते तरी,
पेन्सिलीने.