मुद्रितशोधन

भात आणि घेवडा.
नदीच्या त्या काठाला घेवडा लाल, या काठाला काळा,
आणि दोन्हीकडचे शपथेवर सांगतात,
गायो पिंतो मूळचा आमचाच.
मी दोन्ही खाल्लाय. मला विचाराल तर
फरक मिठाचा आहे.

एस्तेलीत अठरा वर्षं मी मुद्रितं तपासली.
लाल शाई, उघडझाप करणारा दिवा,
एकेका स्वल्पविरामासाठी एलिओदोरोशी भांडणं.
त्या वर्षी तापानं माणसं गेली, तेव्हा तो
इस्पितळाच्या मागच्या दारानं आत शिरला,
शवपेट्या मोजल्या, सुताराची वही पाहिली,
आणि लिहिलं : ४१.

रात्री साडेनऊला फोन आला.
आवाज गोड होता, थेट माझ्या नावानं :
"एर्लिंदाबाई, छपाईची चूक दिसतेय.
शेवटचा एक जास्तीचा पडलाय."
माझा मुलगा तेव्हा सातवीत होता.
आवाजाला त्याची शाळा सुटायची वेळ पाठ होती.
मी एक खोडला.
सकाळी देशात चारच माणसं मेलेली होती.

एलिओदोरो मला एका शब्दानं बोलला नाही.
पुढच्या रविवारी त्यानं सदतीस नावं छापली,
नुसती नावं; वर मथळा नाही, खाली सही नाही.
मग कागदाची रिळं जकातीत अडकली.
मग शाई.
मग एलिओदोरो.

इथे सान होसेत तसलं काही नाही.
इथला मंत्री पुलाबद्दल खोटं बोलला
(पूल नव्हता, उद्घाटन मात्र दोनदा झालं होतं)
आणि यामिलेतनं ते पावत्यांसकट
पहिल्या पानावर घातलं.
त्या रात्री तीन गल्ल्या पलीकडून मी
तिच्या दारावरच्या थापेची वाट पाहत जागी होते.
थाप पडली नाही.
मंत्री टीव्हीवर आला. म्हणाला, विपर्यास झाला.
हसला. टाय छान होता.
गुरुवारी बाजारात त्याच मथळ्यात
मला पपई बांधून मिळाली.

"मग, काय झालं पुढे?" शेजारची मार्गोत विचारते.
काही झालं नाही, मी सांगते,
आणि वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच दुभंगतं :
यामिलेतला काही झालं नाही.
मंत्र्यालाही काही झालं नाही.
पहिल्यासाठी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावते.
दुसऱ्याचं काय करायचं, अजून ठरत नाही.

यामिलेत चिडते. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणते.
"तिकडे निदान ते तुम्हाला घाबरत तरी होते."
चोवीस वर्षांची आहे ती.
घडा पालथा आहे खरा, पोरी,
पण तिकडे विहिरीलाच कुलूप होतं.
हे मी बोलले नाही. तिच्या ताटात
थोडा भात आणखी वाढला.

काल तिच्या मजकुरात, पुलाच्या खर्चातलं
एक शून्य गळलं होतं. घाईत, तिच्याच हातून,
कुणी सांगितलं म्हणून नव्हे.
मी पेन्सिलीनं शून्य जागेवर बसवलं,
समासात सही केली,
आणि फोनजवळ जाऊन बसले.
साडेनऊ.
दहा.
पावणेअकरा.
मग दिवा मालवण्याआधी, त्याच समासात,
माझ्या सहीच्या खाली,
हलक्या हातानं
एकचा आकडा लिहिला.