खारीक पाणी पितेय

आधी वाटलं, हीटर जास्त लावलाय.
मग वाटलं, रविवारी मिसेस प्रॉसरने दिलेलं
खारवलेलं हॅम असेल.
खारीक वाडगं चाटूनपुसून रिकामं करायची
आणि माझ्याकडे बघायची,
जणू मीच विहीर.

रात्री तीनला स्वयंपाकघरात तळं.
मी ओरडले तिच्यावर. ओरडले, हे लिहून ठेवते.
अकरा वर्षांत एकदाही न चुकलेली ती
टेबलाखाली जाऊन बसली, पाय पोटाशी घेऊन.

आमचं लुईस खडूच्या टेकड्यांत वसलेलं.
नळालाच चुना येतो:
केटलीच्या बुडाशी खपल्या, शॉवरच्या भोकांत दाणे.
"पाण्याचा दोष का हो?" मी विचारलं.
डॉक्टर फिनोला हसली नाही.
"पाणी पितेय म्हणून तर अजून उभी आहे ती."

कॅल्शियम तीन पूर्णांक नऊ.
शेपटीखाली, आतल्या बाजूला
वाटाण्याएवढी गाठ, हातमोज्याच्या बोटालाच सापडणारी.
ती हाडांना पत्रं धाडते म्हणे,
शरीराच्याच लेटरहेडवर:
कोठार उघडा, चुना सोडा.
आणि हाडं, भोळी, देत सुटतात.

सव्वीस वर्षं बिल्डिंग सोसायटीच्या काउंटरमागे
मी सह्या ताडून पाहिल्या.
पेनाचं एक अडखळणं
माझ्या नजरेतून सुटलं नाही.
ही मात्र सुटली.
रोज त्याच्यावरच तर शेपूट हलायचं.

दोन दिवस सलाइन.
पुढच्या पायाचे केस भादरलेले, पट्टीभर,
खाली कातडी गुलाबी, पिल्लाची.
आकडा उतरला, तीन पूर्णांक एकवर.
गाठ काढता येईल, पण फोटोत पोटातही काही दिसतंय;
गुरुवारी बोलू, म्हणाली फिनोला.
आज सोमवार.

माझ्या हाडांचं उलटं. ती पोकळ होतायत,
म्हणून जेवणानंतर एक गोळी, पांढरी, खडूच्या चवीची.
आज ती तोंडाशी नेली
तर खारीक समोर, शेपूट लादीवर आपटत.
तिला वाटलं बिस्कीट.
नाही गं, म्हटलं, हे तुला नाही.
तुझ्याकडे आहे.

वाडगं भरलं. ती प्याली, लपलप,
मधेच थांबली, धाप टाकली, पुन्हा प्याली.
मागचं दार उघडं ठेवलंय, येऊ दे थंडी.
लादीभर जुने टॉवेल अंथरलेत.
जिथे व्हायचं तिथे होऊ दे.