सांगू इच्छित नाही

फॉर्मच्या सातव्या पानावर तीन गोल आहेत.
होय. नाही. सांगू इच्छित नाही.
तिसऱ्यावर बाण ठेवून मी चहा करायला उठले,
चहा उतू गेला,
परत आले तर साइटने मला बाहेर काढलेलं.

पाचशे शब्दांत सांगायचंय मी कोण ते,
आणि दुसऱ्या वर्षाला दोन केटी का लागल्या, तेही.
मार्कशीट सोबत जाणारच आहे,
ती काही पदर ओढून बसणारी नव्हे.

पार्ल्याचे काउन्सेलर म्हणाले, तासाचे अठराशे घेऊन:
वडिलांचं आजारपण लिही. ते चालतं.
वडील ठणठणीत आहेत, म्हटलं.
मग आजोबा?

फुर्टाडो मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला.
"तुझ्या जागी असते तर मी नसतं लिहिलं.
पण कमिटीवर असते तर..."
तेवढ्यात लॅबमधला फ्रीज गुरगुरला
आणि पुढचं मी ऐकलंच नाही.
पुन्हा विचारायची लाज वाटली.
ज्या कारणासाठी गेले होते, त्याच कारणाने उत्तर हुकलं.

पहिल्या खर्ड्यात ते पहिल्याच ओळीत होतं,
दार उघडताच अंगावर येणाऱ्या कुत्र्यासारखं.
दुसऱ्यात नव्हतंच. तो खर्डा फार गुणी,
दुसऱ्याच कुणा मुलीचा वाटायचा
जिच्या छत्र्या हरवत नाहीत.
तिसऱ्यात 'आव्हान' हा शब्द चार वेळा.

खरं तर मला गोगलगाईंबद्दल लिहायचं होतं.
बँडस्टँडच्या खडकांत, ओहोटीला,
एकाच फटीत मी एकशे बेचाळीस मोजल्या,
नखाएवढ्या, काळ्या, एकमेकींना चिकटलेल्या,
आणि पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मान वर केली.
मैत्रिणी हाका मारमारून कधीच्या गेल्या होत्या.
केईएमच्या केसपेपरवरचं ते लांबलचक नाव
आणि ही दुपार
एकाच डोक्यात राहतात, एकाच खोलीत,
भाडं कोण भरतं ते मला माहीत नाही.

रात्री आईला वाचून दाखवलं, मराठी करत करत.
भोईवाड्यातली आमची खोली, ती ब्लाउज कापत होती,
ओठांत टाचण्या,
मशीनवर एक अर्धा, खुंटीला दोन अर्धे,
गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन सुरकुतलेले.
प्रगतिपुस्तकातला शेरा आला,
'हुशार आहे, पण लक्ष नाही',
तशी कात्री थांबली.
तिने एकेक टाचणी काढून बशीत ठेवली.
"माझ्या बाईंनी पण असंच लिहिलेलं," म्हणाली,
"फक्त 'हुशार आहे' नव्हतं."

मग बराच वेळ काही नाही.
गॅसवर काहीतरी करपलं.
कुणी ठेवलेलं, ते दोघींनाही आठवेना.

"पाचशे बारा झालेत," मी म्हटलं,
"बारा कापायचेत. आणि ते वाक्य चौदा शब्दांचं आहे."
तिने कापडावर खडूची रेघ ओढली,
रेघेच्या बाहेर, बोटभर सोडून, दुसरी.
"अगदी मापावर कापलं की संपलं.
बाई पुढच्या दिवाळीला सुटते, मग उसवायचं काय?
आत माया ठेवायची.
वरून दिसत नाही,
पण ज्याला शिवण कळते तो आतून हात फिरवतोच."

चारही 'आव्हानं' गेली.
'मनःपूर्वक' गेलं, 'लहानपणापासून' गेलं,
गोगलगाईंचा काळा रंग गेला, त्याचं वाईट वाटलं.
फुर्टाडो मॅडमना उद्या विचारीन म्हणते,
तर काय, ते.
सातवं पान पुन्हा उघडलंय.

"उर्मे, कात्री कुठे गेली गं?"
तिच्याच मांडीवर आहे.
सांगते, थांब,
एक शब्द अजून जास्त आहे.