बोटीवरचा डबा

बोट पाण्यात उतरायच्या आदल्या रात्री
हर्णैच्या बंदरात मी डबा उलटा करतो.
कात्री गंजलेली. खाऱ्या हवेत दुसरं काय होणार.
चिकटपट्टी चिकटत नाही.
भाजल्यावरचं मलम अर्धं,
ते इंजिनवाल्या बाबल्या चोगलेनं संपवलेलं.
शिंगाळ्याच्या काट्यावर औषध नाही,
सोसवेल इतकं गरम पाणी, म्हणून थर्मास.

बॅटरीच्या उजेडात तारखा वाचतो.
मार्च गेला, जून गेला,
गेलेलं सगळं एका पिशवीत.

मग ती स्ट्रिप,
छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायची.
दहा होत्या.
मोजतो. सात.
गेल्या हंगामात छाती धरून कुणी बसलं नव्हतं.
आठ जण आम्ही.

कुणाला विचारत नाही.
नवी स्ट्रिप आणतो,
झाकणाला आतून चिकटवतो नव्या पट्टीनं,
अंधारात
हाताला लागेल अशी.