दुसऱ्या दिवसाचा लाल

बर्मिंगहॅमचा हा लोहारांचा देव,
छप्पन्न फूट, सगळा ओतीव लोखंडाचा.
पुढून एप्रन आहे, मागून काहीच नाही.
किशॉनला तेवढंच दिसतं:
"आत्या, याला चड्डी का नाही शिवली कुणी?"
कापड पुरलं नसेल, मी म्हणते.
भट्टीकडे तोंड करून उभ्या माणसाची पाठ
बघतं कोण?
माझ्या बापाची मी पाहिली
ती एकदाच, त्याला शेवटची आंघोळ घालताना.

लिफ्टने वर आलो. सज्जाची जमीन जाळीची,
चपलेखाली थेट झाडांचे शेंडे.
किशॉन उड्या मारतो,
मी कठडा धरून कडेकडेने सरकते
आणि वर बघते. हातात भाल्याचं टोक आहे.
मूळचं तेच म्हणे. असेल.
माझ्या लहानपणी तिथे मशाल होती, दिव्यांची.
हिरवी, म्हणजे गावात रस्त्यावर कुणी गेलं नाही.
लाल, म्हणजे गेलं.
लाल एक दिवस आणि एक रात्र. मग पुन्हा हिरवी.
आई दोरीवर कपडे घालताना आधी डोंगराकडे बघायची,
मग घरातली डोकी मोजायची.

एकाहत्तरचा मार्च, मंगळवार.
थेरॉन रात्रपाळीहून परत येत होता.
त्या संध्याकाळी आईने डोकी मोजली नाहीत.
मी नऊ वर्षांची. मागच्या पायरीवर बसून
मी तो लाल राखला,
दुधावर लक्ष ठेवावं तसा.
बुधवारी संध्याकाळी तो जायला हवा होता.
गेला नाही.
गुरुवारीही दिवसभर होता.
मला वाटलं, थेरॉनला एक दिवस जास्तीचा दिला.
त्याने शेजारणीचं छप्पर फुकट शाकारलं होतं,
कुणीतरी ते पाहिलं असणार.
ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
त्रेपन्न वर्षं जपून वापरली,
सणावारी काढायच्या ताटासारखी.

खाली बाकावर एक म्हातारा पिस्ते सोलत होता.
न विचारता त्याने मूठभर किशॉनच्या हातावर ठेवले.
लाम्ब्रोस, तो म्हणाला, उत्तरेकडे हॉटेल होतं आमचं.
मग आमची उगाच मशालीवर गोष्ट गेली,
या गावात आमच्या वयाच्या माणसांची जातेच.
"मला तिचा राग होता," तो म्हणाला.
"माझी बहीण कॅलिओपी. एकाहत्तर साल, मार्च.
बुधवारी दुपारी, शाळेच्या बसमधून उतरताना.
मी धावत गच्चीवर गेलो, दिवा बदलताना बघायला.
तो आधीच लाल होता.
दुसऱ्याच कुणासाठी तरी.
तिच्यासाठी हललासुद्धा नाही."

पिस्त्याचं टरफल त्याने खिशात टाकलं,
जमिनीवर नाही.

बराच वेळ मी बोलले नाही.
माझं ताट मी मनातल्या मनात उलटं करून पाहिलं,
खाली नाव कोरलेलं होतं. माझं नव्हतं.
थेरॉन, तुझा एकच दिवस होता रे, सगळ्यांसारखा.

मग मी त्याला म्हणाले,
बुधवारी संध्याकाळी साडेसहाला
तो हिरवा व्हायचा होता. झाला नाही.
त्यानंतरचा सगळा तिचा.
रात्री धुकं होतं, तरी दिसत होता.
गुरुवारी आमच्या आईच्या चादरींवर पडला होता थोडा.
मी पायरीवर होते.
पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला मी.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वर.
वर लोखंडाचा हात, त्यात भाल्याचं टोक,
त्यावर एक कावळा.

"किती वाजता गेला?" त्याने विचारलं.
दुपारी तीनच्या पुढे, मी म्हणाले.
चार असतील.
तुम्हीच सांगा.