तळाचा आवाज

तिबिलिसीत, कोरड्या पुलाच्या बाजारात, चादरीवर
दोन स्पीकर पाठीला पाठ लावून बसले होते.
अवतांदिल चाळीस लारी म्हणाला, मग पस्तीस,
वर शपथ घातली: आत माती भरून
झेंडू लावणार नाहीस.
दोघांच्याही मधल्या टोपीवर खळगा,
एकाच अंगठ्याचा.
"लेक चार वर्षांची होती तेव्हा," तो म्हणाला.
"आता थेसालोनिकीत दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते."
आणि सुट्टे मोजू लागला.

मी कवळ्या बनवते. एकोणतीस वर्षं झाली.
तोंडांचे साचे माझ्याकडे येतात,
तोंडं येत नाहीत.
म्हणून वाटलं, यात काय,
कागदाचा शंकू, कडेला फोमची झालर,
जमेल.

बोट लावलं तर झालर शिळ्या केकसारखी
बोटालाच आली, काळी, चिकट.
खरवडण्यात तीन रात्री गेल्या.
नवी बसवली घाईत, नुसत्या नजरेच्या अंदाजाने,
हात दाखवून अवलक्षण:
शंकू तिरका, आतली गुंडाळी लोखंडाला घासतेय,
प्रत्येक गाण्यात खडा,
घासाघासाला लागणारा.

परत सोडवलं सगळं. स्पिरिट, ब्लेड, शिव्या.
श्वास रोखून टोप्या कापून काढल्या.
दवाखान्यातल्या जुन्या एक्सरे फिल्मच्या
बारीक पट्ट्या केल्या, फटीत सारल्या,
गुंडाळी मधोमध राहावी म्हणून.
एका पट्टीवर कुणाची तरी अक्कलदाढ होती,
मूळ वाकडं, नाव उडालेलं.
रात्रभर त्या दाढेने
एक अख्खा आवाज
जागेवर धरून ठेवला.

सकाळी तारांना पेन्सिल सेल टेकवला.
शंकू पुढे सरकला,
आ, म्हणाला.
सवयीने मी आत डोकावले.

शनिवारी तबकडी लावली. डोंगरातल्या कुठल्याशा गावचे
तीन म्हातारे, वाद्य नाही, नुसते गळे.
वरचा आवाज आला. मधला आला.
तिसरा, ज्याला आमच्याकडे बानी म्हणतात,
जो शब्दांच्या फार नादी लागत नाही,
खाली पाय रोवून उभा राहतो,
तो नव्हता.
जेवणाच्या टेबलावरून उठून बाहेर गेलेला,
आणि उरलेले दोघे रिकाम्या खुर्चीकडे बघत गातायत.

वाटलं, आडातच नसेल. तबकडी बदलली.
सुई बदलली.
मग थोडी रडले, हे कुणाला सांगितलेलं नाही.

खालच्या मजल्यावरचा गुरामी वर आला, सपाता फटफटवत,
लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेला,
लग्नांतून बानी धरणारा.
दोन स्पीकरांच्या मध्ये डोळे मिटून उभा राहिला.
"एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय," म्हणाला.
"आमच्या घरी अठरा वर्षं हेच चाललं."
मी मागच्या तारा दाखवल्या.
खुणेसाठी दोरे बांधले होते.
सगळे लाल.

त्याने हात लावला नाही.
मीच सोडवल्या, मीच उलट्या जोडल्या,
आणि मग फरशीतून, आधी तळपायांना,
तो आला.
त्केमालीच्या बरणीतला चमचा किणकिणला.
गुरामीने तोंड उघडलं, आवाज न काढता,
पुन्हा मिटलं.
वरचे दोन दात माझ्या हातचे आहेत. नीट बसलेत.

खळगे राहिले.
उजवा व्हॅक्यूमच्या नळीने ओढला, फट्‌दिशी वर आला.
डावा अर्धाच आला. नळी मी लवकर काढली,
का ते विचारू नका.

पुढच्या रविवारी अवतांदिलला म्हटलं, वाजतात.
"खळगे?"
"एक आहे. अर्धा."
त्याने मान हलवली
आणि हातातला समोवार उलटा करून
एका जर्मन गिऱ्हाइकाला
त्याचं बूड दाखवू लागला.