तिसरी रास

एप्रिल संपत आला. सावळजच्या अलीकडच्या आमच्या वस्तीवर
शाळेच्या व्हरांड्यात सात टेबलं मांडली,
पहिलीत जाणाऱ्यांचा मेळावा म्हणून फुगेही लावले.
दोन उन्हानंच फुटले.

खराडे सरांच्या हातात कार्ड.
एका पायावर उभी राहते का?
राहते. हात पसरून, वायरीवरल्या साळुंकीसारखी.
पूर्ण नाव सांगते का?
अलफिया इरफान मुलाणी,
आणि कुणी न विचारता बेदाण्याच्या शेडच्या मालकाचंही.
कात्रीनं रेघेवरून कापते का?
रेघ सोडून जरा अंगाबाहेर.
सर, कात्री बोथट आहे, मी म्हणाले.
खरंच आहे. अंगणवाडीत दोनच,
आणि दुसरी हौसाबाई भाजीला वापरतात.

पाचवं टेबल: वर्गीकरण.
रंगीत मणी वर्षभरात नाकातोंडात, गटारात गेलेले,
म्हणून हौसाबाईंनी घरचा बेदाणा ओतला ताटात,
हिरवा आणि काळा, मिसळून.
दोन राशी कर, बाळ.
तिची बोटं अशी चालली
की सरांनी चष्मा वर घेतला.
तिचा सगळा उन्हाळा आईशेजारी जाळीपाशी गेलेला,
हे कार्डावर कुठंच नव्हतं.

हिरवी रास. काळी रास.
आणि कडेला एक तिसरी, मूठभर.
ही कसली गं?
"पिचलेली. ही घरी न्यायची."

कार्डावर चौकटी दोनच:
जमते. मदत लागते.
सरांचं पेन दुसरीवर टेकलं होतं,
ते उचलून त्यांनी पहिलीवर नेलं
आणि तिथंच धरून ठेवलं, बराच वेळ,
मागं रांगेत पोरं ढकलाढकली करत असताना.

तिची आई संध्याकाळी आली, हजरी बुडवून येणार कशी.
चिकट हात पदराला पुसत म्हणाली,
पास झाली का?
यात पास-नापास नसतं, मी सांगितलं.
तिचा चेहरा असा पडला
की लगेच म्हणाले, झाली, झाली.

अठ्ठेचाळीस महिन्यांची होती तेव्हापासून
मी तिला शिकवलं: डबा उघडणं, बटण लावणं,
नाक शिंकरणं, दहापर्यंत उड्या,
रडणाऱ्याच्या शेजारी नुसतं बसणं.
शाळा आणि आमच्यामध्ये एक भिंत, कमरेएवढी.
वाटलं, एवढं पुरेल.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात
मधल्या सुट्टीत ती दारात उभी. नवा गणवेश,
बाह्या कोपराखाली.
आत ये म्हटलं तर आली नाही.
"बाई, तिथं पाणी प्यायला विचारायला लागतं."

हे मात्र शिकवायचं राहिलं होतं.

मग चपला बाहेर काढून
ती आमच्या माठापाशी गेली, दोन पेले प्याली,
नवीन पोरं तोंड उघडून बघत होती,
घंटा झाली.
पळता पळता मागं फिरली
आणि माठावरचं झाकण सरळ केलं.